मदत हवी आहे: प्रोटेस्टंट घरातून कॅथलिक होताना

नमस्कार. मी कोल्हापूरची. १८५२ मध्ये इथं अमेरिकन मिशन आलं, त्याच परंपरेतलं आमचं घर. आता चाळिशीत कॅथलिक व्हायचं ठरवलंय. पिता, पुत्र, पवित्र आत्म्याच्या नावानं झालेला बाप्तिस्मा कॅथलिक चर्च मानतं, पुन्हा देत नाही. विश्वासाची कबुली, पापनिवेदन, दृढीकरण (विश्वास पक्का करणारा संस्कार) आणि ख्रिस्तप्रसाद (मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर) एवढंच उरतं. पण बाप्तिस्म्याचा दाखला मागायचा म्हणजे पाळकसाहेबांना सगळं सांगणं आलं, आणि मग आईला कळायला संध्याकाळसुद्धा व्हायची नाही! तुमच्यापैकी जे असे कॅथलिक झालेत, त्यांनी आधी घरी सांगितलं की फादरना भेटलात? कोल्हापूर-सांगलीकडं तयारीचे वर्ग मराठीत होतात का? नवरा प्रोटेस्टंटच राहणार, त्याची हरकत नाही. आई मात्र 'आता मरियेची प्रार्थना करणार का?' इथंच अडेल, कारण आमच्यात ती करत नाहीत. तिला कसं समजवावं?