मदत हवी आहे: खुफूच्या पिरॅमिडचे दगड वर चढवले कसे? बाबांना सांगायचंय

नमस्कार मंडळी,

मी बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर आहे. बाबा पाथरवट, उभं आयुष्य काळ्या दगडावर टाकी चालवण्यात गेलं. गेल्या आठवड्यात कुणीतरी त्यांच्या मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला: पिरॅमिड माणसांनी बांधलेच नाहीत, परग्रहावरून कुणीतरी आलं होतं. बाबांना ते फार लागलं. दोन दिवसांनी म्हणाले, "घडवलाय माणसानंच. पण वर कसा नेला, ते तू बघून सांग."

आतापर्यंत एवढं जमलंय. गिझाचा मोठा पिरॅमिड, म्हणजे इजिप्तच्या खुफू राजाचा, इ.स.पू. २५६०च्या सुमाराचा. मूळ उंची साधारण १४६ मीटर, तळाची बाजू २३० मीटर, अंदाजे २३ लाख दगड, एकेक सरासरी अडीच टनांचा. वीस वर्षं धरली तर दिवसाला ३१५ दगड होतात. म्हणजे दहा तासांच्या पाळीत दर दोन मिनिटांना एक! चुनखडक तांब्याच्या छिन्नीनं निघतो, हे बाबांना पटलं. ग्रॅनाइटला मात्र डोलेराइट या कठीण दगडाचे गोटे आपटत, आणि तांब्याच्या पात्याखाली वाळू घालून कापत, हे वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. म्हणाले, "वाळू कापते, तांबं नाही. बरोबर आहे."

माझं घोडं अडलंय ते चढाच्या भरावावर. दहाला एक असा चढ धरला तर १४६ मीटरसाठी जवळजवळ दीड किलोमीटर लांब भराव लागेल, आणि प्रत्येक थराला तो पुन्हा उंच करायचा. इतकी माती कुणी टाकेल का? की माझाच हिशोब कुठं चुकतोय?

दुसरं, एवढा खटाटोप कशासाठी? नुसत्या थडग्यासाठी?

— साइटवाला

प्रतिसाद १, नदीकाठ:

हिशोब बरोबर आहे, पण आकाराकडे बघा. पिरॅमिड वर निमुळता होत जातो. एक तृतीयांश उंचीपर्यंत, म्हणजे पन्नासेक मीटरला, ७० टक्के दगड लागून झालेला असतो. निम्म्या उंचीला साडेसत्त्याऐंशी टक्के! राजाच्या खोलीची (आतल्या दफनकक्षाची) जमीन ४३ मीटरवर आहे आणि सगळ्यात जड ग्रॅनाइटच्या तुळया तिच्या छतात आणि त्याच्या थोड्या वर आहेत. एकेक तुळई २५ ते ८० टनांची, आस्वानहून ८०० किलोमीटर नदीतून आणलेली. तेव्हा अवजड माल सगळा खालच्या निम्म्या भागातच आहे. तेवढ्यापुरता सरळ भराव काही शे मीटरचा होतो, आणि मुख्य दगडाची खाण पिरॅमिडच्या दक्षिणेला अगदी जवळच आहे. वरच्या टोकाशी कडेकडेनं वळत जाणारा चढ होता की आणखी काही, यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही.

२०१८मध्ये इजिप्तमधल्याच हतनुबच्या अलाबास्टर दगडाच्या खाणीत खुफूच्याच काळातला एक चढ सापडला. दोन्ही बाजूंना पायऱ्या आणि खांब रोवायची भोकं. खांबांना दोर घेऊन ओढत असणार. ही खाण आहे, गिझा नव्हे, हे लक्षात ठेवा. पण तंत्र त्या लोकांच्या हातात होतं हे नक्की.

आणि बाबांना जेहुतीहोतेप या इजिप्शियन अधिकाऱ्याच्या थडग्यातलं चित्र दाखवा. काळ नंतरचा आहे, इ.स.पू. १९००च्या आसपासचा. बिनचाकाच्या लाकडी गाडीवर अजस्र पुतळा, चार रांगांत १७२ माणसं दोर ओढताहेत, आणि पुढं उभा राहून एक जण वाळूवर पाणी ओततोय. पूर्वी काहींना तो धार्मिक विधी वाटायचा. २०१४मध्ये ॲम्स्टरडॅमच्या संशोधकांनी करून पाहिलं: वाळू योग्य प्रमाणात ओली असेल तर ओढायला निम्मं बळ पुरतं.

प्रतिसाद २, पपायरसवेडी:

"कशासाठी"बद्दल थोडक्यात. थडगंच, पण राजानं मेल्यावर देवांत जाऊन बसायचं ते ठिकाण. राजाचं नीट झालं तर देशाचंही नीट, अशी श्रद्धा. खुफूनंतर दोन शतकांनी उनास राजाच्या पिरॅमिडमध्ये भिंतींवर कोरलेले मंत्र सापडतात, त्यांत राजाचं आकाशात चढणं आहे.

पण बाबांना माझ्या मते मेररबद्दल सांगा. २०१३मध्ये लाल समुद्राकाठी वादी अल-जर्फला पुरातत्त्वज्ञ पियेर ताले यांच्या चमूला खुफूच्या काळातले पपायरस (लव्हाळ्याच्या कागदावरचे लेख) मिळाले. मेरर हा साधारण चाळीस माणसांच्या टोळीचा मुकादम. तुराच्या खाणीतला पांढरा चुनखडक होडीत भरायचा, गिझाला उतरवायचा, परत जायचं, अशी त्याची रोजनिशी आहे! सोबत धान्याचे हिशोबही. कामगारांची थडगी १९९०पासून गिझालाच उघडकीला आली. तिथल्या काही सांगाड्यांत मोडलेली हाडं नीट जुळून आलेली दिसतात, म्हणजे कुणीतरी त्यांच्यावर उपचार केले होते.

साइटवाला:

दोघांचेही मनापासून आभार. एक तृतीयांशाचा हिशोब मी कागदावर मांडून पाहिला, जुळतोय. मेररचं वाचून दाखवल्यावर बाबांनी लगेच विचारलं, "खेपा किती व्हायच्या?" दहा दिवसांत दोन-तीन, असं मी शोधून सांगितलं. ते बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजत होते.

आता एकच मदत. त्या पुतळ्याच्या चित्राची मोठी, स्वच्छ रेखाटनाची प्रत कुठं मिळेल? पाणी ओतणारा माणूस नीट दिसायला हवा. बाबांची नजर आता अधू झालीय, छापून त्यांच्या खाटेसमोर लावायचंय.