मदत हवी आहे: बेसिनमधलं पाणी पुढे कुठे जातं, हे मुलांना कसं शिकवू?

कोथरूडची_बाई: सोमवारी 'पाणी' घ्यायचंय आणि मी अडकलेय. जलचक्र मुलांना तोंडपाठ आहे. पण बेसिनमधलं पाणी कुठे जातं विचारलं, तर एकानं वहीत पाईप काढला आणि पानाच्या कडेला नेऊन सोडला. पुढे काहीच नाही. तो पाईप मला पुढे न्यायचाय. लवकर सुचवा.

पर्वतीकर: कितवी? मुलं किती? बाहेर नेता येतं का?

गच्चीवरचा: पावसाचं पाणी साठवायचं मॉडेल करून घ्या. आमच्या सोसायटीत केल्यापासून बोअर आटली नाही.

पर्वतीकर: अहो, त्या पाणी जातं कुठे विचारतायत!

गच्चीवरचा: साठवायला शिकली तरच किंमत कळेल. आमच्याकडे टँकरला काय मोजावं लागायचं, विचारा.

कोथरूडची_बाई: सांगायचं राहिलं. सातवी, 48 मुलं, दोन तासिका. बाहेर न्यायला परवानगी नाही.

दौंडकर: ताई, पाईपच्या पुढे आम्ही आहोत. तुमचं सांडपाणी घेऊन मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते, भीमा उजनी धरणात जाते. उजनीचं पाणी सोलापूर पितं. आणि ज्या खडकवासल्यातून तुम्हाला नळाचं पाणी येतं, त्याच्याच कालव्यावर दौंड-इंदापूरची शेती आहे. उन्हाळ्यात आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडायची पाळी, लांबलं की आमचा ऊस वाळतो. हे पुण्यातल्या पोरांना कुणी सांगतच नाही.

नीता_सहकारनगर: चिठ्ठ्या करा: पाऊस, पानशेत, खडकवासला, कालवा, सोसायटी, मैलाशुद्धीकरण केंद्र, नदी, शेतकरी, उजनी. मुलं गोल उभी करून संबंध असेल तिथे सुतळी द्यायची. मग 'पाऊस'वाल्यानं ओढायची. ताण कुणाकुणाला लागला, ते मुलंच सांगतात.

पर्वतीकर: 48 जणांत नुसता गुंता होईल. त्यापेक्षा आंबिल ओढ्याचा 25 सप्टेंबर 2019 चा पूर घ्या. ओढा अरुंद केला की काय होतं ते लगेच कळतं.

नीता_सहकारनगर: त्या रात्री आमच्या भागात माणसं गेली. वर्गात कुणाच्या घरचं असेल, तर आधी विचारून घ्या. आणि नऊ-नऊ जणांचे गट केले तर गुंता होत नाही.

आरओ_दुरुस्ती: पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) किती आहे? फिल्टर वर्षातून एकदा बदलाच.

कोथरूडची_बाई: नीताताई, सुतळी आणलीय, चिठ्ठ्या लिहायला बसलेय. पाच गट होतील; उरलेली तिघं फळ्यावर बाण काढतील. दौंडकर दादा, तुमच्याकडच्या नदीचा फोटो मिळेल का? त्या पाईपच्या पुढे लावायचाय.

दौंडकर: सकाळी पुलावरून काढून टाकतो. जलपर्णीखाली पाणी दिसणार नाही, तेवढं मुलांना सांगा.