जत्रेतल्या नाटकाला लॅपटॉपवरून ऑर्गन: प्लगइन की स्वतंत्र प्रोग्रॅम?

पायपेटी_डिचोली
जत्रांचा हंगाम तोंडावर आलाय. संगीत नाटकाला पायपेटी वाहून नेण्यापेक्षा लॅपटॉपवरून ऑर्गन वाजवायचा विचार आहे. विंडोज ११, आय५, ८ जीबी रॅम, एसएसडी, दोन चॅनलचा यूएसबी इंटरफेस (लॅपटॉपचा आवाज बाहेर देणारी पेटी), ६१ पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड (कोणती पट्टी दाबली एवढेच सॉफ्टवेअरला कळवणारा). आवाज तीनच: ऑर्गन, तानपुरा आणि प्रवेशांच्या मध्ये स्ट्रिंग्ज. तिन्ही सॉफ्टवेअर स्वतंत्र चालतात, प्लगइन म्हणून, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमच्या आतही चालतात. स्वतंत्र उघडल्यावर ऑर्गन छान वाजतो, पण स्ट्रिंग्ज उघडले की त्यांना कीबोर्डच सापडत नाही. प्लगइन वापरले तर लॅपटॉपवर ताण येतो म्हणतात, ते खरे का?

बफर_१२८
आवाज तयार करणारे इंजिन दोन्हीकडे तेच, त्यामुळे ताणाचा फरक नगण्य. वर होस्टचा, म्हणजे प्लगइन ज्याच्या आत चालतात त्या प्रोग्रॅमचा भार पडतो, पण हलका होस्ट घेतला तर तो जाणवत नाही.

कीबोर्ड न सापडण्याचे कारण वेगळे. विंडोजवर बऱ्याच मिडी ड्रायव्हरांचे पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रॅमला मिळते. ऑर्गनने ते धरून ठेवले, स्ट्रिंग्ज बाहेर राहिले. एएसआयओ ड्रायव्हरचेही (कमी विलंबाने आवाज देणारा ड्रायव्हर) बहुधा तसेच. होस्टमध्ये मात्र पोर्ट आणि ड्रायव्हर होस्ट एकदाच उघडतो आणि तिन्ही प्लगइनना वाटून देतो. म्हणून तुमच्या कामाला होस्टच हवा.

रेकॉर्डिंगचे अवाढव्य सॉफ्टवेअर नको. कँटाबिले किंवा गिग परफॉर्मरसारखा रंगमंचासाठीचा होस्ट घ्या. ६४ बिटच्या होस्टला ६४ बिटचेच व्हीएसटी३ (प्लगइनचा एक प्रकार) द्या. ड्रायव्हर इंटरफेस बनवणाऱ्या कंपनीचा, ४८००० हर्ट्झ, बफर (आवाजाचा एका वेळी तयार होणारा तुकडा) १२८ सॅम्पल. म्हणजे एका बफरचे साधारण २.७ मिलिसेकंद. कडकड आली तर २५६ करा (५.३). ५१२ वर द्रुत तानांमागे हात अडखळतो.

काळी_पाच
वरच्याशी सहमत, पण एकच ऑर्गन वाजवायचा असता तर मी स्वतंत्र प्रोग्रॅमच सुचवला असता. जितक्या कड्या कमी, तितके तुटण्याचे प्रसंग कमी. घरच्या रियाजाला तोच बरा.

आता पट्टी बदलणे. एका नटाला काळी एक, दुसऱ्याला पांढरी चार. होस्टमध्ये प्रत्येक पदाला वेगळा ट्रान्स्पोझ (सगळे सूर वर-खाली सरकवणे) लावून ठेवता येतो, पण तो ऑर्गन आणि स्ट्रिंग्जच्या मिडीवरच लावा. तानपुऱ्याचा षड्ज त्याच्या स्वतःच्या खिडकीतून ठरवा. आणि सूर दाबून धरलेला असताना पट्टी बदलू नका. काही होस्टमध्ये ‘सूर सोडला’ हा संदेश नव्या क्रमांकाने जातो, जुना सूर तसाच घोंगावत राहतो. कीबोर्डच्या एखाद्या बटणाला सीसी १२३ हा मिडी संदेश, म्हणजे सगळे सूर बंद, लावून ठेवा.

पायपेटीत बोटाच्या जोराने आवाज वाढत नाही, भात्याने वाढतो. म्हणून व्हेलॉसिटी (बोटाच्या जोराचा आकडा) ९० वर स्थिर करा आणि एक्स्प्रेशन पेडल (आवाज कमी-जास्त करणारे पायाचे पेडल) सीसी ११ ला जोडा. नाहीतर ऑर्गन पियानोसारखा ठोकल्यासारखा वाजतो, आणि जुन्या प्रेक्षकांना ते पहिल्या पदातच कळते!

माटवातला_मिक्सर
सॉफ्टवेअर झाले, आता वीज. वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर जातो, विंडोज प्रोसेसरचा वेग उतरवते आणि बफर पुरा पडत नाही. जनरेटर सुरू होईपर्यंत कडकड. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘बॅटरीवर’ या रकान्यातही किमान प्रोसेसर १०० टक्के ठेवा आणि यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला यूएसबी झोपवणारी सोय) बंद करा. नाटक चालू असताना वाय-फाय बंद.

गुंईं असा आवाज आला तर क्षणभर चार्जर काढून पाहा. थांबला तर अर्थचा घोळ आहे. त्याला ग्राउंड लिफ्टचा (आवाजाच्या तारेतली अर्थची जोडणी तोडणारा) डीआय बॉक्स इंटरफेस आणि मिक्सरच्या मध्ये लावा, प्लगची अर्थ पिन कापू नका.

पायपेटी_डिचोली
होस्टमध्ये तिन्ही एकदम चालले, बफर १२८. फक्त स्ट्रिंग्जवर गेले की पहिला सूर अडकत येतो.

बफर_१२८
पद बदलल्यावर ते प्लगइन तेव्हा लोड होते म्हणून. तिन्ही पहिल्यापासून उघडे ठेवा, फक्त त्यांचे मिडी चालू-बंद करा. ८ जीबीत स्ट्रिंग्जची लहान लायब्ररी घ्या, आणि ब्राउझर बंद.