इनटेक मॅनिफोल्डच्या गॅस्केटला सीलंट लावायचं का?

प्रश्न
चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरकडे हवा नेणारा भाग) प्लास्टिकचा. इंजिन थंड असताना आयडलिंग वर-खाली होतं, गरम झालं की बरंच शांत. स्कॅनरवर कोड पी ०१७१, म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतो-घटवतो तो आकडा) आयडलला +२२ टक्के, २५०० आरपीएमला +४. गॅस्केट मागवलंय. सोबत सीलंट लावू का? बोल्ट किती आवळायचे?

उत्तर १
आकडे हवा गळतीचेच आहेत. आयडलला इंजिन मुळात हवा कमी ओढतं, म्हणून फटीतून शिरलेली हवा जड जाते. रेस वाढली की तिचा वाटा किरकोळ होतो. थंडपणी रबर आक्रसतं, फट वाढते. तरी खोलण्याआधी स्मोक टेस्ट (धूर सोडून गळती शोधणं) कराच. ब्रेक बूस्टरचा किंवा पीसीव्हीचा (क्रँककेसमधल्या वाफा मॅनिफोल्डमध्ये नेणारा) पाइप चिरला तरी हेच आकडे येतात.

सीलंट अजिबात नको. खाचेत बसणारं रबरी गॅस्केट कोरडंच बसवायचं. सीलंटवर ते सरकतं, आणि आत दाबला गेलेला थर सुटून सिलिंडरकडे जातो. काही व्ही इंजिनांत मॅनिफोल्ड ब्लॉकच्या टोकांना टेकतो, तिथे लागतं, तुमच्यात नाही.

उत्तर २
पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे रेलमधला (इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीतला) दाब उतरेल. मग बॅटरीची निगेटिव्ह काढा, इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. पाइपांना खुणेच्या चिठ्ठ्या लावा.

मॅनिफोल्ड निघताच हेडच्या चारही पोर्टांत स्वच्छ फडकी कोंबा, टोकं बाहेर ठेवून. एक वॉशर आत पडला आणि दिसला नाही, तर व्हॉल्व्ह-पिस्टनची वाट लागते. हेडचा पृष्ठभाग प्लास्टिकच्या स्क्रेपरने साफ करा. ग्राइंडरची खरखरीत डिस्क कृपया लावू नका, तिची पूड ऑइलमध्ये जाऊन बेअरिंगं खाते. मॅनिफोल्डवर सरळ पट्टी धरून फीलर गेज (फट मोजायची पातळ पात्यांची पट्टी) घाला. वाकला असेल तर नवं गॅस्केटही गळणार.

उत्तर ३
टॉर्क तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलमधलाच घ्या. अंदाज म्हणून, प्लास्टिक मॅनिफोल्डचे ६ मिमीचे बोल्ट साधारण ८ ते १० न्यूटन-मीटरला बसतात, म्हणजे हाताला फारच कमी वाटतं. त्यामुळेच लोक जास्त आवळतात आणि मॅनिफोल्डचा बोल्टाभोवतीचा कान तडकतो. आधी सगळे बोल्ट हाताने टेकवा, मग मधून बाहेर दोन फेऱ्यांत आवळा.

इंजेक्टर रेलसोबत निघाले तर ओ-रिंगा नव्याच घाला, स्वच्छ इंजिन ऑइलचा हात देऊन. सुरू करण्याआधी दोन-तीनदा नुसती चावी ऑन करून रेलजवळ पेट्रोल झिरपतंय का बघा. कोड पुसून पुन्हा ट्रिम वाचा: आयडल आणि २५००, दोन्हीकडे शून्याच्या आसपास, ५ टक्क्यांच्या आत यायला हवा.