बी विंग ग्रुप: वाहनं 20, चाकं 56

बी-204: आमच्या चौथीतल्या चिरंजिवांना क्लासमधून गणित आलंय. पार्किंगमध्ये स्कूटर आणि कार मिळून 20 वाहनं, चाकं 56. कुठलं किती? बाबांनी एक्स-वाय मांडून दाखवलं. आता एक जण रडतोय, दुसरा चिडलाय.

बी-402: एक्स + वाय = 20. 2एक्स + 4वाय = 56. पहिल्याला 2 ने गुणा, वजा करा. सोप्पं.

बी-204: अहो, त्यावरच तर रडतोय. "एक्स म्हणजे स्कूटर ना, मग 2 स्कूटर कुठून आल्या?" म्हणे.

बी-101 (बाई): बरोबर अडलाय तो. एक्स म्हणजे स्कूटर नव्हे, स्कूटर किती आहेत तो आकडा. नववीतली पोरंही इथेच घसरतात, आणि बालभारतीत दोन चलांची समीकरणं येतात तीच मुळी नववी-दहावीला. त्याला अक्षरं नकोत. 20 गोल काढू दे. प्रत्येकाखाली दोन चाकं. झाली 40, उरली 16. ती दोन-दोन वाटत जायची. ज्याला मिळाली ती कार.

बी-204: थांबा, काढतोय.

बी-402: बाई, आधी सगळ्या स्कूटरच धरायच्या? ही पळवाट झाली.

बी-101 (बाई): पळवाट कसली! तुम्ही 2 ने गुणून 40 च वजा केलेत ना? तोही 40 च वजा करतोय. फक्त का, ते त्याला दिसतंय.

बी-402: हं. मान्य.

सेक्रेटरी: ग्रुप फक्त सूचनांसाठी आहे. उद्या 11 ते 1 पाणी बंद.

बी-303: बाई, आमचीला शिष्यवृत्तीची परीक्षा आहे. 2 वडापाव, 3 चहा 70 रुपये. 2 वडापाव, 1 चहा 50. हे कसं समजवायचं?

बी-101 (बाई): दोन्ही बिलं एकाखाली एक ठेवा. वरच्यात जास्त काय? दोन चहा. पैसे जास्त किती? 20. म्हणजे चहा 10, वडापाव 20. आधी अशीच द्या, एक वस्तू दोन्हीकडे सारखी. एक बिल दुप्पट करायचं वगैरे नंतर.

बी-602 (आजोबा): भास्कराचार्यांनी 12 व्या शतकात 'बीजगणित' या ग्रंथात अव्यक्तांना, म्हणजे तुमच्या एक्स-वायना, रंगांची नावं दिली होती. पहिलं तेवढं यावत्तावत् (जितकं-तितकं), मग रंग: कालक (काळा), नीलक (निळा), पीतक (पिवळा). त्यातलंच एक घ्या. एक म्हणतो, मला 100 दे, मी तुझ्या दुप्पट श्रीमंत होईन. दुसरा म्हणतो, तूच मला 10 दे, मी तुझ्या सहापट होईन.

बी-402: 40 आणि 170. पण एक्स-वायनेच केलं हां.

बी-101 (बाई): आजोबा, रंगांचं झकास. रंगीत खडूच देते उद्या.

बी-204: आलं!! 8 कार, 12 स्कूटर. आता आपलं पार्किंग मोजायला खाली पळालाय.

बी-204: 17 वाहनं, 47 चाकं म्हणतोय.

बी-101 (बाई): दोन-दोन, चार-चार मिळवून 47 येतील कसे? तुम्ही सांगू नका, त्यालाच विचारा.

बी-204: 103 च्या छोटीची तीनचाकी सायकल धरली होती! ती काढून 16 वाहनं, 44 चाकं. 32 वाटली, 12 उरली. 6 कार, 10 स्कूटर. एकट्याने केलं.

सेक्रेटरी: बी विंगला कारचे स्टिकर 5 च दिलेत. सहावी कुणाची?

बी-303: हा मेसेज डिलीट केला गेला.