मदत हवी आहे: बडोद्याहून पावागड आणि स्टॅच्यू एका दिवसात होतं का?

डोंबिवलीकर_गार्गी
नमस्कार. बडोद्याला येतोय. एक दिवस राजवाडा आणि गाव, बाकी बाहेर. पावागड आणि स्टॅच्यू ऑफ युनिटी एका दिवसात उरकता येतं का? गाडीवाला म्हणतो सकाळी सहाला निघालो तर आरामात. मैत्रीण म्हणते वेड लागलंय का. उद्या अकरापर्यंत त्याला आगाऊ पैसे पाठवायचे आहेत, तेव्हा कृपया जाऊन आलेल्यांनीच सांगा. नकाशावर अंतरं बघून झाली आहेत.

दांडियाबाजार
नका करू. पावागड एका अंगाला पन्नासेक किलोमीटर, स्टॅच्यू दुसऱ्या अंगाला नव्वद. दिवसभरात अडीचशे किलोमीटरच्या आसपास गाडीतच बसाल. पण आधी हे सांगा: कुठले वार? किती जण? वयं काय? लहान मूल, म्हातारं माणूस आहे का? त्याशिवाय कोणी काय सांगणार?

रुळांवरून
गाडी हवीच कशाला? रेल्वेने जा. एकतानगर स्टेशन जानेवारी २०२१ मध्ये सुरू झालं, बडोद्याहून थेट गाड्या आहेत, मुलंही खूश होतात. वाटेत डभोई लागतं. भारतातली पहिली नॅरोगेज तिथलीच, १८६२ सालची, डभोई ते मियागाम, गायकवाडांनी घातलेली. आधी तर डबे बैल ओढायचे! डभोई हे एके काळी नॅरोगेजचं केवढं मोठं जंक्शन होतं हे आज कुणाला ठाऊकही नसतं, याचं वाईट वाटतं.

पुणे३०
पुण्याहून येणार असाल तर अहिंसा एक्स्प्रेस बघा, बडोद्याला थांबते.

डोंबिवलीकर_गार्गी
डोंबिवलीहून येतोय, तिकिटं काढून झाली आहेत. संक्रांतीनंतरचा आठवडा. शनिवारी सकाळी पोचतो, मंगळवारी रात्री साडेदहाची परतीची गाडी. रविवारी पावागड, सोमवारी स्टॅच्यू, मंगळवारी राजवाडा असं आधी होतं. गाडीवाला म्हणाला पहिले दोन रविवारीच उरकू, म्हणजे सोमवार मोकळा. म्हणून विचारलं.

सुभानपुरा_ताई
अगं, सोमवारी स्टॅच्यू बंद असतो! राजवाडाही सोमवारी बंद. हे आधी सांगितलं असतंस तर पहिल्याच उत्तरात काम झालं असतं. तुझ्या गाडीवाल्याला हे माहीत असणार, म्हणूनच त्याने रविवारात दोन्ही कोंबलं.

आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी माझी नणंद आली होती. आम्हीही एका गाडीवाल्याच्या शब्दावर दोन्ही एका दिवसात करायला गेलो. पावागडला रोपवेच्या रांगेतच दोन तास गेले. स्टॅच्यूला साडेचारला पोचलो, तोवर वरच्या गॅलरीची वेळ टळली होती. नणंदेने सरदारांचे पाय बघितले, तेही मान वर करून, आणि परत फिरलो. नव्वद किलोमीटर परत येताना गाडीत कोणी बोललं नाही. रविवारी तर करूच नकोस.

गडवाट
पावागडला रोपवेने जाऊ नका, पायी चढा. आठशे मीटरचा डोंगर आहे, माचीपासून वरची वाट सुंदर आहे, वाटेत लकुलीशाचं जुनं देऊळ आहे. रोपवेने गेलात तर गड बघितला असं म्हणता येणार नाही. सकाळी सहाला पायथ्याशी असाल तर दहापर्यंत खाली.

सुभानपुरा_ताई
तिच्यासोबत कोण आहे ते तरी कळू द्या. आणि रोपवेने गेलं तरी उतरल्यावर वरच्या महाकालीच्या देवळापर्यंत काही शे पायऱ्या उरतातच. गर्दीच्या दिवशी खासगी गाड्या खालीच अडवतात, माचीपर्यंत एसटीने जावं लागतं.

गडवाट
पायऱ्यांना घाबरून डोंगर सोडायचा असेल तर फिरायला तरी का निघायचं? माझे वडील अडुसष्टाव्या वर्षी चढले.

डोंबिवलीकर_गार्गी
मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. सासूबाई ७३, मागच्या वर्षी एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सपाटीवर व्यवस्थित चालतात. हे लिहायचं राहिलं, कारण त्या म्हणतात मी खाली बसेन, तुम्ही या जाऊन.

दांडियाबाजार
हेच तर पहिलं लिहायचं होतं ताई. खाली बसून राहायला त्या डोंबिवलीहून बडोद्याला येणार का?

सोमवारी चांपानेरला जा. वर पावागड आणि खाली चांपानेर, दोन्ही मिळून २००४ पासून जागतिक वारसास्थळ आहे, पण लोक वरचं दर्शन घेतात आणि खालच्या गावाकडे न बघता घरी येतात. महमूद बेगड्याने वीसेक महिने वेढा देऊन १४८४ मध्ये हे जिंकलं आणि इथे राजधानी वसवली. जामी मशीद सपाटीवर आहे, सासूबाईंना काहीच त्रास नाही. आत गेल्यावर मधल्या घुमटाखाली उभं राहून वर बघा, दगडात कोरलेली कमळं आहेत, आणि बाजूच्या जाळ्यांतून सकाळचं ऊन फरशीवर पडतं तेव्हा मुलालाही बोलावं लागत नाही, आपोआप बसतो. मी दर हिवाळ्यात एकदा जातो. नवरा आणि मुलगा हवं तर रोपवेने वर जाऊन येतील, तोवर तुम्ही दोघी खाली मशिदी बघा. कोणी एकटं बसणार नाही.

राययोलीवाला
मुलगा नऊ वर्षांचा आहे म्हणता, मग बालासिनोरजवळ राययोलीला डायनासोरचं उद्यान आहे, शंभरेक किलोमीटर. नर्मदेच्या नावाचा राजासॉरस तिथलाच, २००३ मध्ये त्याचं नामकरण झालं. मूर्ती आणि देवळं मुलांना कंटाळवाणी होतात.

डोंबिवलीकर_गार्गी
मुलाला डायनासोर आता आवडत नाहीत, त्याला क्रेन आणि धरणं आवडतात. म्हणूनच स्टॅच्यू आणि सरदार सरोवर. कृपया वेगळी ठिकाणं वाढवू नका, आधीच गोंधळ झालाय. स्टॅच्यू मग मंगळवारीच का?

बखरवाचक
मंगळवारी डभोईवरून जाणारच आहात तर डभोई चुकवू नका. एप्रिल १७३१ मध्ये थोरल्या बाजीरावांनी सेनापती त्र्यंबकराव दाभाड्यांना इथेच हरवलं, दाभाडे लढाईत पडले, आणि पुढे गुजरातेत गायकवाडांचा जम बसला. मराठी माणसाने ज्या रस्त्याने जायचं त्या रस्त्यावर आपली एवढी मोठी लढाई झाली, आणि लोक तिथे चहा पिऊन पुढे निघतात.

रुळांवरून
पण डभोईचं आजचं रूप घडवलं ते रेल्वेने. लढाईचं मैदान दाखवायला तिथे काय आहे?

बखरवाचक
मैदान नाही, हिरा भागोळ आहे. कोटाचा पूर्व दरवाजा, लढाईच्या कितीतरी आधीचा. शेजारच्या कालिकामातेच्या देवळाचं कोरीव काम जवळून बघा, मग सांगा. रेल्वे आली कालपरवा.

नर्मदातीर
दोघांनीही थांबा जरा. गार्गीताई, एक विचारू का? सासूबाईंना कुठे जायचंय? धागा वाचला, त्यात मुलाला काय आवडतं आलं, गाडीवाला काय म्हणतो आलं, त्यांचं एक वाक्य आलं ते म्हणजे "मी खाली बसेन". स्टॅच्यूच्या वाटेवर गरुडेश्वर आहे, टेंबे स्वामींचं समाधिस्थान. १९१४ मध्ये स्वामी तिथे नर्मदाकाठी समाधिस्थ झाले. महाराष्ट्रातून कितीतरी दत्तभक्त फक्त एवढ्यासाठी येतात. त्यांची भक्ती असेल तर विचारून बघा.

डोंबिवलीकर_गार्गी
आत्ता विचारून आले. लिहिताना हात थरथरतोय. त्यांचं माहेर कुडाळ, माणगाव तिथून जवळ, म्हणजे टेंबे स्वामींचं जन्मगाव. लहानपणी वडिलांचा हात धरून त्या माणगावच्या दत्तमंदिरात जायच्या. वडिलांना गरुडेश्वरला जायचं होतं, राहून गेलं. बडोद्याची तिकिटं काढली तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "गरुडेश्वर जमलं तर बघा, नाही तर राहू दे." मला वाटलं वाटेतलं एखादं देऊळ असेल. आत्ता त्यांनी देव्हाऱ्याच्या खणातून वडिलांच्या हातची वही काढून दाखवली, पहिल्या पानावर शाईने उतरवलेली करुणात्रिपदी आहे, टेंबे स्वामींनी रचलेली दत्ताची प्रार्थना. इतकी वर्षं त्या घरात राहते मी, वही कधी बघितली नव्हती.

आता सगळं गरुडेश्वरभोवतीच ठरवायचं आहे. मंगळवारी कसं बसवू? रात्रीची गाडी चुकता कामा नये.

नर्मदातीर
अहो, छान झालं. सकाळी सातला निघा, आधी गरुडेश्वर. साडेनऊपर्यंत पोचाल. दत्तमंदिर आणि समाधिमंदिर दोन्ही नदीच्या वरच्या अंगाला आहेत. घाटाच्या पायऱ्या बऱ्याच आहेत, तिथे सासूबाईंना उतरवू नका, वरूनही नर्मदा दिसते. घाई करू नका, दोन तास द्या. दुपारच्या प्रसादाचं आदल्या दिवशी संस्थानात फोन करून विचारा. तिथून स्टॅच्यू जवळच आहे.

सुभानपुरा_ताई
स्टॅच्यूची तिकिटं आजच ऑनलाइन काढ, गॅलरीची दुपारची वेळ घे. तिथे व्हीलचेअर मिळते, सरकत्या पट्ट्या आहेत, लिफ्ट आहे, सासूबाई वरपर्यंत येऊ शकतात. १८२ मीटर उंच आहे, आणि मुलाला सांग की हा पुतळा साकारणारे राम सुतार आपल्या धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे. पाचला तिथून निघ, रात्रीचा लेझर शो सोड. साडेसातपर्यंत बडोद्यात, मग जेवण आणि स्टेशन.

रुळांवरून
मग रेल्वे नको, तेव्हा मीच म्हणतो गाडी करा. एकतानगरला उतरून गरुडेश्वरला मागे जाणं सासूबाईंना जड जाईल.

डोंबिवलीकर_गार्गी
गाडीवाल्याशी बोलले. म्हणाला दोन दिवसांची गाडी म्हणजे दुप्पट पैसे. दिले. रविवारी राजवाडा आणि गाव, सोमवारी चांपानेर, मंगळवारी गरुडेश्वर आणि स्टॅच्यू. शनिवारी दुपारी काय करू, सासूबाईंना झेपेल असं?

दांडियाबाजार
कीर्तिमंदिर. नंदलाल बोसांनी रंगवलेली भित्तिचित्रं आहेत, गंगावतरण आणि महाभारत. सासूबाई एकेका भिंतीसमोर पंधरा मिनिटं उभ्या राहतील. जवळ आमच्याच भागात तांबेकर वाडा आहे, दिवाणांचा, आतल्या भिंती चित्रांनी भरलेल्या. बंद व्हायच्या आधी पोचा. मग सेवउसळ खा, मुलाला कमी तिखट सांगा.

बखरवाचक
मंगळवारी परतताना हिरा भागोळीला वीस मिनिटं तरी थांबा. रस्त्यालाच आहे.

डोंबिवलीकर_गार्गी
उजेड असला तर नक्की थांबते, दादा.