मदत हवी आहे: एसव्हीएफ फिल्टर कटऑफ वर नेला की फुटतो

षड्ज_कोड: ऑडिओसाठी चेंबरलिनचा स्टेट व्हेरिएबल फिल्टर (एसव्हीएफ) लिहिलाय. लो-पास खाली मस्त चालतो, कटऑफ (ज्या वारंवारतेच्या वरचं फिल्टर कापतो ती) वर नेला की जोरात कर्कश आवाज येतो आणि मग सगळं गप्प. नॉब खाली आणला तरी गप्पच. रेझोनन्स (कटऑफजवळचा उठाव) अजिबात दिलेला नाही, म्हणजे तो प्रश्न नाही. घाई आहे, प्लीज.

ध्रुवबिंदू: सॅम्पल रेट? कितीला फुटतो? एफ, म्हणजे कटऑफचा सहगुणक, कसा काढलाय?

षड्ज_कोड: ४४१००. साडेसात हजारांच्या थोडं पुढे. एफ = २ × साइन(पाय × कटऑफ ÷ सॅम्पल रेट), डॅम्पिंग (रेझोनन्सच्या उलट, हे जास्त तितका तो कमी) १.४१४.

लहरी: बायक्वाड (पाच सहगुणकांचा नेहमीचा फिल्टर) वापरा, विषय संपला.

ध्रुवबिंदू: कटऑफ एलएफओने (संथ लहरीने) सतत हलवायचा असेल तर नको. बायक्वाडच्या डायरेक्ट फॉर्ममध्ये सहगुणक बदलले की जुनी स्टेट (मागच्या सॅम्पलवरून साठवलेली मूल्यं) त्यांच्याशी जुळत नाही, टकटक ऐकू येते.

लहरी: बायक्वाडचाच ट्रान्स्पोज्ड फॉर्म घेऊन सहगुणक स्मूद केले की बरंच कमी होतं.

ध्रुवबिंदू: कमी होतं, जात नाही. असो. षड्ज, रेझोनन्स नाही, म्हणजे डॅम्पिंग जास्त आहे, म्हणूनच फुटतोय! अट अशी: एफचा वर्ग + २ × एफ × डॅम्पिंग हे ४ पेक्षा कमी हवं. डॅम्पिंग १.४१४ असताना एफ १.०३५ च्या पुढे नेता येत नाही, म्हणजे साधारण ७६४० हर्ट्झ. डॅम्पिंग ०.१ केलंत तर १७६०० पर्यंत टिकेल. आणि गप्प होतो कारण स्टेटमध्ये नॅन ('संख्या नाही' असं बिघडलेलं मूल्य) शिरतो. दोन्ही स्टेट शून्य केल्याशिवाय तो निघत नाही.

षड्ज_कोड: उपाय काय?

ध्रुवबिंदू: तात्पुरता: दर सॅम्पलला फिल्टर दोनदा चालवा, सूत्रात ८८२०० घाला. मर्यादा १५२०० च्या आसपास जाते. खरा उपाय ट्रॅपेझॉइडल एसव्हीएफ, म्हणजे तोच फिल्टर वेगळ्या गणिताने. जी = टॅन(पाय × कटऑफ ÷ सॅम्पल रेट), के = तेच डॅम्पिंग. ए१ = १ ÷ (१ + जी × (जी + के)), ए२ = जी × ए१, ए३ = जी × ए२. दर सॅम्पलला:
व्ही = इनपुट − स्टेट२
बँड = ए१ × स्टेट१ + ए२ × व्ही
लो = स्टेट२ + ए२ × स्टेट१ + ए३ × व्ही
स्टेट१ = २ × बँड − स्टेट१
स्टेट२ = २ × लो − स्टेट२
कटऑफ सॅम्पल रेटच्या ०.४९ पटीवर अडवा, निम्म्यावर टॅन अनंताला जातो.

षड्ज_कोड: मायक्रोकंट्रोलरवर आहे, दर सॅम्पलला टॅन झेपेल का?

लहरी: हे आधी सांगायचं होतं! कुठला? एफपीयू (दशांश गणिताचं हार्डवेअर) आहे?

षड्ज_कोड: कॉर्टेक्स एम४एफ.

लहरी: मग टॅनचं फ्लोट व्हर्जनच वापरा. साधं टॅन डबलमध्ये (दुप्पट अचूकतेत) चालतं आणि तुमचा एफपीयू फक्त सिंगल प्रिसिजनचा. शिवाय जी दर १६ सॅम्पलला काढून मधे सरळ रेषेत सरकवा.

ध्रुवबिंदू: जी सरकवलात की ए१, ए२, ए३ दर सॅम्पलला पुन्हा काढा. ते तिन्ही वेगवेगळे सरकवू नका, त्यांचं आपसातलं नातं तुटतं.